खांब क्रमांक तीन : खड्डा निरंक

आंधळगावहून वरठीकडे निघणाऱ्या आडरस्त्यावरील पुलाचा तिसरा खांब जमिनीत किती खोल गेलेला आहे, हे शासनास माहीत नव्हते. यात कोणाचाही दोष नव्हता. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा कपाटे, खुर्च्या, जीपगाड्या आणि फायली यांचे रीतसर दोन हिस्से पडले. त्यात पुलाची फाईल नव्या जिल्ह्याच्या वाट्याला गेली आणि पूल जुन्या जिल्ह्यात राहिला. फाईल परत मिळावी म्हणून बावीस वर्षांत एकोणतीस स्मरणपत्रे गेली. तिकडून एकोणतीस उत्तरे आली, की फाईल सापडलेली आहे, मात्र तीत नमूद केलेला पूल आमच्या हद्दीत आढळून येत नाही. सबब तो पाठवून द्यावा.

नदीचेही तसेच. गावात ती नदी होती. पावसाळ्यात तिचा आवाज अर्ध्या कोसावर ऐकू येई आणि बायका तिची ओटी भरीत. पण नदी म्हटली की पूररेषा आली, पूररेषा आली की पाहणी आली, आणि पाहणीला माणूस लागतो. म्हणून खात्याच्या नोंदीत ती 'नाला क्रमांक सत्तावीस' होती. नाल्याला पूर येत नाही. नाल्याला फक्त पाणी येते.

या नाल्यावरच्या या बिनफायलीच्या पुलाची देखरेख बाबूलाल हेडाऊ नावाच्या मैलकुलीकडे होती. घराणे आंधळगावच्या कोष्ट्यांचे. बापाने जन्मभर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड विणले. बाबूलालने माग सोडून खात्याची नोकरी धरली, रस्त्याचे खड्डे बुजवले, कडेच्या दगडांना चुना फासला, आणि वरून कोणी सांगितले नसताना दर महिन्याला ढिवर कोळ्यांच्या डोंग्यातून पुलाखाली जाऊन प्रत्येक खांबाच्या पायाशी बांबू टाकून पाहायची खोड लावून घेतली. बांबू तेरा हातांचा. त्यावर हात-हात अंतरावर त्याच्या बायकोने, सीताबाईने, कोशाचा धागा गुंडाळून गाठी मारून दिलेल्या. गढूळ पाण्यात डोळ्याला काही दिसत नाही. बोटाला गाठ लागली की आकडा समजतो. हे काम सेवापुस्तकात कोठेही लिहिलेले नव्हते, त्यामुळे बाबूलाल ते मन लावून करीत असे.

त्या साली पाणी ओसरल्यावर त्याने तिसऱ्या खांबाशी बांबू टाकला. खांबावरच्या चुन्याच्या पट्ट्यापासून तळ नेहमी सहाव्या गाठीला लागायचा. यंदा सहावी गाठ गेली, आठवी गेली, नववीला मऊ वाळू लागली. बाबूलालने अंगाचा भार दिला, तसा बांबू दह्यात बोट जावे तसा आत गेला आणि अकराव्या गाठीला जाऊन टेकला.

बाबूलाल शिकलेला नव्हता, पण पाणी त्याने पाहिलेले होते. वाहते पाणी खांबाच्या नाकावर येऊन आदळते. पुढे जायला वाट नसते, वर जायला बळ नसते, म्हणून ते खाली बुडी मारते, आणि खांबाच्या दोन्ही अंगांनी गरगर फिरत पायाखालची वाळू उपसत जाते. पुरात खड्डा सर्वांत खोल असतो. पूर उतरला की त्यात सैल वाळू भरते आणि वरून सगळे जागच्या जागी दिसते. आकडा कळल्यावर बाबूलालने पहिल्यांदा कोणाचा विचार केला असेल, तर आपल्या पोरीचा. त्याची कीर्ती वरठीच्या स्टेशनाजवळ एका औषधाच्या दुकानात कामाला होती. सकाळी साडेनवाला स्कूटीवर ती त्या पुलावरून जाई आणि संध्याकाळी परत येई.

"कीर्ती, तू फेऱ्याच्या रस्त्यानं जात जाय ना बेटा," तो म्हणाला.

"बावीस किलोमीटर? बाबा, आख्खं गाव जाते पुलावरून. कारखान्याची अर्धी पाळी जाते."

"पाळी जाते म्हणूनच तं म्हणून राहिलो."

"मंग पाळीले सांगा," कीर्ती म्हणाली आणि गेली.

बाबूलाल पाळीला सांगायला भंडाऱ्याच्या कार्यालयात गेला. उपअभियंता प्रफुल्ल साहेब नुकतेच एका प्रशिक्षणावरून परतले होते. तिथे त्यांनी पडद्यावर एक नदी पाहिली होती. ती लाल, पिवळी, निळी होती, तिच्यात कचरा नव्हता, आणि ती बटण दाबले की थांबत असे. तेव्हापासून खऱ्या नद्यांविषयी साहेबांचे मन जरा खट्टूच होते.

"तिसरा खांब उघडा पडून राहिला जी, साहेब."

"कशावरून?"

"बांबू टाकून पाह्यलो. पाच हात वाळू गेली."

"बांबू!" साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, जग कुठे चाललंय, बाबूलाल! आता पाण्यात काही टाकायची गरज नाही. पाणीच संगणकात टाकायचं."

"संगणकात कसं जाईन जी पाणी?"

"तेच तर शास्त्र आहे," साहेब म्हणाले, आणि शहरातल्या एका सल्लागार संस्थेला 'नाला क्रमांक सत्तावीस येथील पुलाच्या खांबांभोवतालचा जलप्रवाह व गाळाची धूप यांचे संगणकीय प्रतिरूप' तयार करण्याचे काम दिले.

कार्यारंभाचा आदेश निघून, त्यातील शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या होऊन, त्या संस्थेच्या दामिनी मॅडम मोजमापाला आल्या तेव्हा पौष लागला होता. मॅडम हुशार आणि सभ्य होत्या. त्यांच्याजवळ तीन पेट्यांत भरलेली यंत्रे होती. फक्त त्या ज्या दिवशी आल्या, त्या दिवशी नदी बांधलेली होती.

झाले असे, की ग्रामपंचायतीला त्या साली दहा वनराई बंधाऱ्यांचे उद्दिष्ट होते. म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरायची, पोती नाल्यात आडवी रचायची आणि पाणी अडवायचे. नऊ बंधारे कागदावर झाले. दहाव्याचा फोटो लागणार होता, म्हणून तो खरोखर बांधावा लागला. आणि फोटो काढणाऱ्या साहेबांना चिखलात उतरायला नको, म्हणून तो पुलाच्या लगतच, खालच्या अंगाला बांधला. पोती भरायला वाळू कुठली घ्यावी? तिसऱ्या खांबाच्या पायाशी सैल वाळू आयती होती. फावडेसुद्धा लागले नाही, घमेल्यानेच उपसली.

"मॅडम, हे पाणी बांधलेलं आहे जी," बाबूलाल म्हणाला. "ही नदी नाही. हे टाकं आहे."

मॅडमने यंत्र पाण्यात सोडले. आकडा आला : वेग शून्य.

"काका, कामाच्या अटींत 'विद्यमान स्थिती' असं लिहिलंय. आज जी आहे ती विद्यमान."

"आषाढात याल तं वेगळी विद्यमान दिसन."

"आषाढात मुदत संपते," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खेद होता; पण तो मोजायचे यंत्र पेट्यांत नव्हते. पाया किती खोल, हा आकडाही हवा होता. फाईल वाटणीत गेलेली. संगणक ती चौकट कोरी ठेवू देईना. तेव्हा मॅडमने साहेबांना फोन केला आणि साहेबांनी दुसऱ्या एका पुलाच्या पायाची खोली घालायला सांगितली. त्या पुलाची खोली अगदी बिनचूक उपलब्ध होती, कारण तो मागच्या पावसाळ्यात वाहून गेला होता आणि त्याचा पाया उघड्यावर पडल्यामुळे टेप लावून मोजता आला होता.

होळीच्या आधी भंडाऱ्याच्या सभागृहात सादरीकरण झाले. बाबूलाल खुर्च्या लावायला होता, म्हणून त्यानेही पाहिले. पडद्यावर त्याचा पूल उभा राहिला. सहाच्या सहा खांब गोरेपान, शेवाळ नाही, कठड्यावर पानाच्या पिचकाऱ्या नाहीत. त्यांच्याभोवती निळे पाणी. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे सावधान, निळा म्हणजे सुरक्षित, असे मॅडमने समजावले. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा होता. शंभर वर्षे पुढे पळवून दाखवली. वाळूचा एक कण हलला नाही.

"पाणी चालताना दिसत नाही," मागून कोणीतरी म्हणाले.

"हे स्थिर अवस्थेतील विश्लेषण आहे," प्रफुल्ल साहेब म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. अहवालावर त्याच दिवशी अकरा सह्या झाल्या. पुलाच्या तोंडाशी निळ्या चित्राचा फ्लेक्स लागला : 'हा पूल संगणकीयदृष्ट्या शंभर वर्षे सुरक्षित आहे.' वरठीला जाणारी पोरे त्याच्यापुढे गाड्या उभ्या करून फोटो काढू लागली.

बाबूलालने अर्ज केला. भूषण नावाच्या लिपिकाने तो टंकून दिला, कारण दोघेही आंधळगावचेच. 'बांबू अकराव्या गाठीस टेकतो' एवढेच त्यात होते. पंधरा दिवसांनी उत्तर आले, की बांबू हे प्रमाणित उपकरण नाही. तथापि अर्जदाराची तळमळ लक्षात घेता बांबूचे प्रमाणीकरण करून घेण्यास हरकत नसावी. बाबूलालला आनंद झाला. त्याने बांबू स्वतः एसटीच्या टपावर बांधून प्रयोगशाळेत पोचवला. प्रयोगशाळेने नियमाप्रमाणे ताणाची, दाबाची आणि वाकण्याची अशा तीन चाचण्या घेतल्या, आणि प्रत्येक चाचणीसाठी नमुना म्हणून हातभर तुकडा कापून घेतला. बांबू तिन्ही चाचण्यांत उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन, डोक्यावर लाखेची मोहर घेऊन, दहा हातांचा होऊन परत आला.

प्रमाणित बांबूने अधिकृत मोजणी झाली. भूषण डोंग्यात वही घेऊन बसला. बाबूलालने बांबू सोडला. शेवटची गाठ पाण्याखाली गेली, त्याचा हात खांद्यापर्यंत बुडाला. काहीच टेकले नाही.

"तळ लागून नाही राहिला," बाबूलाल म्हणाला. "लिही. खड्डा दहा हातांहून जास्त."

"तसं नाही लिहिता येत, बाबूलालभाऊ. रकान्यात आकडा पाहिजे. जास्त हा आकडा नाही."

"मंग काय लिहशीन?"

भूषणने पेन रकान्यावर टेकवले. तो वाईट माणूस नव्हता. त्याने लिहिले : 'तळ आढळून आला नाही. सबब खड्ड्याची नोंद घेता येत नाही. खड्डा : निरंक.' शिवाय एक परिपत्रक निघाले, की यापुढे प्रमाणित बांबूव्यतिरिक्त अन्य बांबू नाल्यात टाकल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल.

आषाढ लागताच नाल्यास पाणी आले. बंधारा पहिल्याच दिवशी गेला. उद्दिष्ट आधीच पूर्ण झालेले असल्यामुळे त्याच्या जाण्याची नोंद नाही. पाण्याने तिसऱ्या खांबाशी जुनी ओळख काढली, आणि पुलाचा रस्ता तिसऱ्या खांबावर चार बोटे खाली बसला. गाड्यांना दणका बसू लागला. बाबूलालला वाटले, आता तरी लोक बोलतील. लोक बोललेच. त्या रस्त्यावरच्या तीन गावांनी मिळून सह्यांचे निवेदन दिले, की पुलावर दणका बसतो तरी डांबर टाकून रस्ता सपाट करून द्यावा. इतकी लोकाभिमुख मागणी खात्याकडे कित्येक वर्षांत आली नव्हती. आठ दिवसांत डांबर पडले. खांब आणखी सहा बोटे बसला. आणखी डांबर पडले. श्रावण लागेपर्यंत तिसऱ्या खांबाच्या डोक्यावर दोन ट्रक डांबर होते, रस्ता आरशासारखा होता, आणि पुलाखालून पाहिले तर खांब उंबरठ्यात ठेच लागलेल्या माणसासारखा पुढे कललेला होता. पुलाखालून कोणी पाहत नव्हते.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी वरून धरणाचे पाणी सोडल्याचा निरोप आला. सकाळी पाणी चुन्याच्या पट्ट्याला लागले होते आणि चढत होते. कीर्ती साडेनवाला निघून गेली होती. ती पाच वाजता परत यायची. कारखान्याची सकाळची पाळी अडीचला सुटायची. बाबूलालने बाभळीच्या फांद्या तोडून पुलाच्या तोंडाला कुपाटी घातली आणि सीताबाईच्या जुन्या लुगड्याचा तांबडा तुकडा तिला बांधला.

पहिला मोटारसायकलवाला आला. त्याने कुपाटी पाहिली, फ्लेक्स पाहिला, आणि चपलेने फांदी बाजूला लोटली.

"काहून काढतेस रे? खांब जाऊन राहिला!"

"काका, तुमाले संगणकापेक्षा जास्त समजते का?" तो म्हणाला आणि गेला. दुसऱ्याने उरलेल्या फांद्या सरपणाला नेल्या.

बाबूलालने साहेबांना फोन लावला.

"पूल बंद करायचा अधिकार माझा नाही," साहेब म्हणाले. "आणि समजा बंद केला, तर काय लिहायचं? धोका आहे? म्हणजे प्रतिरूप चुकलं. प्रतिरूप चुकलं म्हणजे अकरा सह्या चुकल्या. एका खांबासाठी अकरा माणसं पाडायची का, बाबूलाल?"

"माही पोरगी त्या बाजूले आहे, साहेब."

"मग काळजी कसली? पूल निळा आहे," साहेब म्हणाले आणि बैठकीला गेले.

बाबूलाल पुलाच्या तोंडाशी दगडावर बसला. या लोकांना काटा अडवत नाही, तांबडे फडके अडवत नाही, नदी अडवत नाही. हे थांबतात तरी कशापाशी? आणि त्याला आठवले, की परवाच गावात भैय्याजी महाराजांचे कीर्तन चालू असताना भर चौकात गादी घातली होती आणि आमदारांची गाडीसुद्धा अर्धा तास मुकाट उभी होती. तो उठला आणि जवळजवळ पळतच महाराजांकडे गेला.

भैय्याजी महाराज जेवायला बसत होते. गोरा-गोमटा, पोट सुटलेला, हसरा माणूस; गळा असा, की उभे राहून 'विठ्ठल' म्हटले की म्हशीसुद्धा रवंथ थांबवीत. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे लोकं हरिनामासाठी नाही, पुलासाठी बसवायची?"

"पाप लागन का जी, महाराज?"

"लागलं तं मी घेतो," महाराज म्हणाले आणि ताट बाजूला सारले. "पण एका तोंडाले मी उभा राहीन. दुसऱ्या तोंडाचं काय? तिकडूनच तं पाळी येते."

दुसऱ्या तोंडाला सीताबाई गेली. महिला भजनी मंडळाच्या चौदा बाया एका टेम्पोत उभ्या राहून, पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचण्यासाठी बावीस किलोमीटर फिरून गेल्या. "अजी, समोर तं दिसते ते टोक," टेम्पोत चढताना सीताबाई नवऱ्याला म्हणाली, "आन् जावं लागते परदेशात गेल्यावानी." दोन वाजता रस्त्यावर ताडपत्री पसरली, मृदंगावर थाप पडली, आणि पलीकडून टाळ वाजले.

मग बाबूलालने आपल्या डोळ्यांनी पाहिले. सकाळी ज्याने फांदी चपलेने लोटली होती, तोच मध्ये घरी येऊन पुन्हा पलीकडे निघाला होता. कीर्तन पाहून त्याने गाडी बंद केली, त्याच चपला ओळीत काढून ठेवल्या, रुमाल डोक्याला बांधला आणि मांडी घालून बसला. अडीचच्या पाळीची शंभर-सव्वाशे माणसे पलीकडे सीताबाईच्या पुढ्यात बसली. ट्रकवाल्यांनी इंजिने बंद केली. वाहतूक मोकळी करायला दोन पोलीस आले, त्यांनी टोप्या काढल्या. साडेतीनला प्रफुल्ल साहेबांची जीप आली.

"रस्त्यात कीर्तन? परवानगी कुठे आहे?" साहेबांनी दबक्या आवाजात बाबूलालला विचारले. एवढ्यात महाराजांनी त्यांच्याकडे पाहून हात जोडले, दोनशे डोळे वळले, कोणीतरी मोबाइल वर धरला. आणि साहेब पुढच्या ओळीत, ताडपत्रीच्या कोरड्या कोपऱ्यावर, डोळे मिटून बसले.

महाराजांनी निरूपण लांबवले. किती लांबवायचे ते त्यांनाही माहीत नव्हते. "पाणी कोणाशी भांडत नाही, बाप्पा," ते म्हणाले. "पाण्याले तुमचा कठडा नाही पाहिजे, तुमचा फ्लेक्स नाही पाहिजे. ते खाली येते, आन् एक कण घेऊन जाते. मंग दुसरा. माणूस वरतून रंग देत राहते, पाणी खालून माती नेत राहते. देवानं माणसाले मान काहून दिली? वर पाहाले? नाही. वर तं बगळाही पाहते. वाकून खाली पाहाले दिली!" लोकांनी माना डोलावल्या. कोणीही खाली पाहिले नाही. त्यांना ते रूपक वाटले.

पाच वाजता महाराजांचा घसा बसला. त्यांनी उपरण्याने तोंड पुसले, बाबूलालकडे पाहिले. बाबूलालने मान हलवली : अजून नाही. मागे चुळबुळ सुरू झाली. एकाने गाडीची किल्ली काढली. महाराज पुन्हा उभे राहिले, आणि फुटक्या आवाजात नामाचा गजर लावला. पलीकडून सीताबाईने तो उचलला. त्या बायांच्या मागे, स्कूटी स्टँडवर लावून, कीर्ती टाळ्या वाजवत उभी होती. बाबूलालला ती पुलाच्या लांबीइतक्या अंतरावरून दिसली, आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आले.

पाच वाजून वीस मिनिटांनी तिसरा खांब गेला. आवाज फार झाला नाही. एखादा थकलेला बैल गुडघे टेकतो तसा तो आधी वाकला, मग बसला. दोन ट्रक डांबर, दोन्ही बाजूंच्या खांबांपर्यंतचे दोन गाळे आणि कठडा घेऊन खाली गेला. पाणी एकदा उंच उडाले आणि आपल्या कामाला लागले. गजर थांबला. दोन्ही काठांवर मिळून तीनशे माणसे होती, पुलावर एकही नव्हते.

"चमत्कार!" प्रफुल्ल साहेब ओरडले, आणि मग त्यांच्या लक्षात आले, की चमत्काराचे आपल्याला स्पष्टीकरण द्यावे लागणार आहे.

ते आठ दिवसांत तयार झाले. सल्लागार संस्थेने कळवले, की प्रतिरूपात पूल अद्याप उभाच आहे. प्रत्यक्ष स्थळाने प्रतिरूपापासून विचलन का केले, याचा खुलासा स्थळाकडून मागवावा. खात्याने नमूद केले, की पूल नसल्यामुळे खांबाभोवतालची धूप आता शून्यावर आलेली आहे, म्हणजेच निष्कर्ष तंतोतंत खरा ठरला. पडण्याच्या कारणांच्या रकान्यात 'मृदंग, टाळ व ध्वनिक्षेपक यांमुळे उद्भवलेली कंपने' असे लिहिले गेले, आणि बाबूलालला विनापरवाना जमाव जमवल्याबद्दल निलंबित करण्यात आले. भैय्याजी महाराजांना मात्र नोटीस निघाली नाही; तिच्यावर सही करायला अकरांतला एकही तयार झाला नाही.

चौकशीसाठी भूषण विवरणपत्र घेऊन बाबूलालच्या घरी आला. सीताबाईने चहा दिला. भूषणने तीन गावांतले जबाब आधीच घेतले होते आणि तो जरा गोंधळलेला होता.

"बाबूलालभाऊ, सगळे एकच सांगून राहिले. म्हणते, आम्हाले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पूल जाणार म्हणून. तिसऱ्या खांबावर आलं की सगळे म्हणे गाडी जराशी तेज करत. बायका मागे बसल्या बसल्या हात जोडत. एसटीचा ड्रायव्हर तं म्हणते, मी तिथं श्वास धरत होतो. मी इचारलं, मंग बोलले काहून नाही? तं म्हणते, साहेबाले माहीत असन. साहेबाले इचारलं, तं साहेब म्हणते, लोकांची तक्रार नव्हती." भूषणने कागद पुढे सरकवला. "आता वरून हा नमुना आला. 'धोक्याची पूर्वकल्पना असूनही पुलाचा वापर करणाऱ्या व्यक्तींची नावे.' तुम्ही तिथंच राहत होते. सांगा, मी लिहितो."

बाबूलालने चहा संपवला. "लिही. एक, बाबूलाल हेडाऊ. रोज दोनदा. दोन, कीर्ती बाबूलाल हेडाऊ."

"बाबा!" आतून कीर्ती ओरडली.

"तुले दणका समजत नव्हता का?"

मग यादीत पाळीतली माणसे आली, एसटी आली, शाळेचे मास्तर आले, दोन पोलीस आले, जीपसकट प्रफुल्ल साहेब आले. कागद भरला, दुसरा लागला.

"सव्वातीनशे झाले," भूषण म्हणाला. "बस?"

"तू नाही लिहिलास स्वतःले. मोटारसायकलनं तूही जात होतास. तिथं एक्सलेटर पिळत होतास का नाही?"

भूषणने पेनाचे टोपण लावले, काढले, आणि खाली मान घालून आपले नाव लिहिले. "आता तं झाली ना यादी? शेवटची ओळ उरली. निरंक लिहू?"

"निरंक नको लिहू," बाबूलाल म्हणाला. "पूल काही एकच नाही जी. कोणीतरी आता हे वाचत असन, गालात हसत असन, आन् उद्या सकाळी आपल्या गावच्या पुलावर, त्या ठरावीक जागी आला, की गाडी जराशी तेज करन. त्याचं नाव मले माहीत नाही. त्याले माहीत आहे. ते ओळ कोरी राहू दे."